वार विचारायचा राहिला

गंगाधर घाटोळे या नावानं रायपूर स्टेशनात त्यांना फारसं कोणी ओळखत नसे. 'तारीखवाले बाबू' म्हटलं की मात्र कुलीसुद्धा पूछताछच्या खिडकीकडे बोट दाखवायचा. तेहतीस वर्षं हा माणूस त्या जाळीमागे बसला आणि पहिल्या वर्षातली एक वेळ सोडली तर एकदाही कोणाला 'गाड़ी कल आएगी' असं म्हणाला नाही. 'बुधवार, चौदा तारीख, सुबह पाँच दस.' बस, एवढंच. समोरचा घाईत असो, रडवेला असो, नाहीतर कोणी साहेब असो, वार आणि तारीख ऐकल्याशिवाय त्याला खिडकी सोडता येत नसे.

याला कारण होतं. नोकरीला लागले त्या वर्षी आठवड्यातून दोनदाच धावणारी एक गाडी मध्यरात्रीनंतर बारा वीसला सुटायची. खेड्यावरचा एक गृहस्थ सोमवारी चौकशीला आला आणि पोरसवद्या गंगाधरनं सांगून टाकलं, 'कल रात बारह बीस.' गंगाधरच्या हिशेबानं मंगळवार सोमवारच्या मध्यरात्रीलाच सुरू होत होता. त्या गृहस्थानं 'कल रात' म्हणजे मंगळवारची रात्र धरली. मंगळवारी रात्री नवरदेव, वऱ्हाडी, बँडवाले असा सगळा लवाजमा फलाटावर वाजतगाजत हजर झाला आणि गाडी चोवीस तास आधीच निघून गेलेली. नवरदेवाच्या बापानं खिडकीत हात घालून गंगाधरची कॉलर धरली. स्टेशनमास्तरांनी सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली ती वेगळीच.

तेव्हापासून त्यांचं मत झालं ते झालं. हिंदीतला 'कल' हा शब्दच मुळात बेइमान. मागचा दिवस तोच, पुढचाही तोच, आणि रात्री बारानंतर तर तो कोणाचाच नाही. त्यांनी तो शब्द तोंडातून हद्दपार केला. घरीसुद्धा. मंदाकिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, विचारायची, "उद्या भाजी कायची करू?" तर हे म्हणायचे, "उद्या म्हणजे गुरवारी ना?" ती कपाळाला हात लावायची. "नाही, पुढच्या वर्षीच्या पोळ्याले!" असं म्हणून स्वयंपाकघरात निघून जायची आणि आत जाऊन हसायची.

गंगाधररावांचं मूळ भंडाऱ्याकडचं. वडील रेल्वेत गँगमन होते, डोंगरगढजवळ रुळांवरच हयात गेली. मुलगा सावलीत बसून पगार घेतो याचं त्या म्हाताऱ्याला भारी अप्रूप. मंदाकिनीबाई आर्वीच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या तेव्हा त्यांना हिंदीचा एक शब्द येत नव्हता आणि गेल्या तेव्हाही जेमतेम भाजीवाल्यापुरतीच येत होती. त्यांच्या तात्यापारा मोहल्ल्यात चार मराठी घरं लागून होती, तेवढ्यात त्यांचं जग भागायचं.

मूल एकच, मीनल. तिची मात्र गंमत होती. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, त्यामुळे आई मराठीत बोलायची आणि पोरगी उत्तर हिंदीत द्यायची. "मिनू, जेवून घे वं." "आई, दो मिनट." तीस वर्षं दोघींचं असं चाललं आणि एकदाही दोघींना एकमेकींचं कळलं नाही असं झालं नाही. पाहुणे हसायचे, तर मंदाकिनीबाई म्हणायच्या, "माही पोट्टी हिंदीत बोलते, पण भूक तिले मराठीतच लागते."

पोरगी हुशार निघाली. रायपुरातच इंजिनियर झाली, मग बंगलोरला नोकरी. बंगलोरपर्यंत गंगाधररावांचं बरं चाललं होतं. कोणती गाडी, कुठे बदलायची, कोणत्या स्टेशनावर किती मिनिटं थांबते, सगळं तोंडपाठ. पोरगी दूर आहे असं त्यांना वाटतच नसे, कारण रूळ होते. दरम्यान छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय बसलं आणि लाल दिव्यांच्या गाड्या सदर बाजारात अडकून हॉर्न वाजवू लागल्या. खिडकीवर रोज भोपाळच्या गाड्या विचारणारे बाबूलोक वाढले. गंगाधरराव शेवटची दोन वर्षं त्यांना वार-तारीख सांगत राहिले आणि दोन हजार दोन साली निवृत्त झाले. त्याच वर्षी मीनल टोरांटोला गेली. एकटीच. लग्न केलं नव्हतं आणि तो विषय घरात काढायचा नाही असं तिनं आईला बजावून ठेवलं होतं.

टोरांटो कुठे आहे हे पाहायला गंगाधररावांनी सदर बाजारातून नकाशा आणला. बोटानं रायपूरवरून निघाले ते समुद्रापाशी थांबले. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एखाद्या गावाला जायची वाट सांगता येत नव्हती. पण गडी हार मानणारा नव्हता. तिकडे घड्याळ आपल्या मागे चालतं, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा, हे त्यांनी आठवडाभरात पाठ केलं. मंदाकिनीबाईंना शिकवलं, "आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. ती जेवून बसली असते." मंदाकिनीबाईंना ते फार मजेशीर वाटे. "म्हणजे माही पोट्टी अजून कालच्यात हाय!" असं त्या शेजारच्या मायाबाईंना सांगायच्या. हे लक्षात ठेवा. हे सगळं त्या माणसाला माहीत होतं. पुढे जे झालं ते न कळण्यातून झालं असतं तर मनाला काही समजूत तरी घालता आली असती.

दोन हजार पाचचा मे महिना. नवतपा लागला होता. रायपुरात नवतपाचे नऊ दिवस म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. सोमवारी सकाळी मंदाकिनीबाई गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेल्या त्या खाली आल्याच नाहीत. गंगाधरराव पाहायला गेले तर त्या चादरीच्या कडेला पडलेल्या, एक हात कुरडयांच्या पिठात, आणि तोंड वाकडं झालेलं. समता कॉलोनीतल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्तस्राव आहे, वाचतीलही, नाहीही, मुलांना बोलावून घ्या.

मंगळवारी त्यांनी मीनलला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "मैं टिकट देखती हूँ," आणि ठेवला.

बुधवारी सकाळी सात वाजता गंगाधरराव आंघोळीला घरी आले होते. अंगावर दुसरा तांब्या घेणार तोच फोन वाजला. ते ओल्या अंगानं, पंचा गुंडाळून धावले. तिकडून कार्डावरचा फोन, आवाज अडकत, दोनदोनदा येत होता.

"बाबा, कल रात की टिकट मिल गई। लंदन होके दिल्ली, दिल्ली से रायपुर। आई को बोलना मैं आ रही हूँ।"

"पोहोचतं कवा?" त्यांनी विचारलं.

उत्तरात नुसतं टूं टूं आलं. कार्ड संपलं होतं.

तेहतीस वर्षं ज्या माणसानं गावाला वार ऐकवला, त्यानं आपल्या पोरीला वार विचारला नाही. रिसीव्हर ठेवला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज बुधवार. कल म्हणजे गुरुवार. गुरुवारी रात्री निघते.

रायपुरात बुधवारची सकाळ होती. टोरांटोत अजून मंगळवारची रात्र होती. मीनलचा 'कल' बुधवार होता. पूर्ण एक दिवस अलीकडचा.

साडेनऊ वाजता ते नर्सिंग होमसमोरच्या सायबर कॅफेत गेले. तिथे राधिका नावाची, मराठी घरातली पण हिंदीच बोलणारी मुलगी बसायची. तिला म्हणाले, "बेटा, रायपूर ते टोरांटो किती दूर हाय अन् किती वेळ लागते, तेवढं पाहून दे." तिनं टाइप केलं. पडद्यावर आलं, साडेबारा हजार किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पंधरा तास.

"पंधरा तास!" गंगाधरराव चिडलेच. "हे कोणत्या शहाण्यानं लिहिलं? यानं हॉल्टच नाही धरले. रायपूरहून कोणतं विमान सरळ चाललं टोरांटोले? असा टाइमटेबल मी खिडकीत लावला असता तं लोकांनी जोड्यानं हाणला असता."

मग त्यांनी राधिकेकडून कागद मागून घेतला, तिला एकेका विमानाची वेळ शोधायला लावली आणि स्वतः तक्ता मांडला. टोरांटोहून गुरुवारी रात्री दहा. लंदनपर्यंत सात तास. तिथे चार तासांचा हॉल्ट. लंदन ते दिल्ली साडेआठ. दिल्लीत एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचं, सात तास धरा. दिल्ली ते रायपूर पावणेदोन. माना विमानतळावरून घरी पाऊण तास. वर साडेनऊ तासांचा फरक. शनिवार, दुपारी साडेबारा, तात्यापारा.

तक्ता बिनचूक होता. मीनल खरोखरच याच मार्गानं, थोड्याफार फरकानं याच वेळांना आली. फक्त वरचा वार चुकला होता.

"काका, दीदी को एक मेल कर दूँ? टिकट भेज देंगी," राधिका म्हणाली.

"काहून? तिनं सांगितलं ना मले," ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना जरा हायसं वाटत होतं. काहीतरी आपल्या हातात आलं असं वाटत होतं.

ती रात्र ते मंदाकिनीबाईंच्या खाटेजवळच होते. घरी फोन वाजला असेलही. मीनलनं निघायच्या आधी दोनदा लावला होता, असं ती नंतर म्हणाली. घराला कुलूप होतं.

गुरुवारी सकाळी गंगाधररावांची थोरली बहीण कलावतीताई तुमसरहून आल्या. दुपारी बाराच्या सुमाराला मंदाकिनीबाईंनी डोळे उघडले. तीन दिवसांत पहिल्यांदाच नीट उघडले. नर्स म्हणाली, "देखो, पहचान रही हैं।" एका बाजूचं तोंड उचलत नव्हतं, तरी शब्द कळत होते.

"मिनू?"

"येऊन राहिली," गंगाधरराव वाकून म्हणाले. "टिकिट भेटली तिले. येऊन राहिली."

"कवा?"

आता वार सांगितल्याशिवाय त्यांना कुठे राहवणार! खिशातून कागद काढला, चष्मा लावला. "शनवारी. दुपारी साडेबारा वाजता घरी. इथं आली तं एक वाजता."

मंदाकिनीबाईंनी चालता हात पांघरुणावर ठेवला आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. एक. दोन. मग हात तसाच राहिला.

"लय दूर हाय," त्या म्हणाल्या.

"दूर कायचं? आज गुरवार. मधात एक शुक्करवार फक्त."

त्यांनी मान हलवली की नुसतं डोकं उशीवर कललं, ते गंगाधररावांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. त्या घडीला मीनल विमानात होती, लंदनपर्यंतची अर्ध्याहून जास्त वाट कापून झाली होती, आणि तिच्या आईला घरचा माणूस शनिवार सांगत होता. एक दिवस कमी सांगितला असता तर त्या बाईनं दम धरला असता का, याला उत्तर नाही. डॉक्टरांनी पुढे त्यांना समजावलं की काही फरक पडला नसता. डॉक्टर असंच म्हणणार.

संध्याकाळी पाच वाजता मंदाकिनीबाई गेल्या.

घरी आणेपर्यंत दिवस मावळला. आता सकाळशिवाय काही करता येणार नव्हतं. मायाबाईंच्या यजमानांनी बर्फाच्या लाद्या आणवल्या. जमिनीवर बर्फ, त्यावर चटई, त्यावर मंदाकिनीबाई. कूलर त्यांच्याकडे फिरवून ठेवला. तरी खोलीत उभं राहवत नव्हतं, इतकी उष्णता. लाद्या पाहता पाहता वितळून पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं आणि बायका ते गोणपाटानं टिपायच्या.

गंगाधररावांनी टोरांटोचा नंबर फिरवला. मीनलच्या घरी फोन वाजला आणि तिच्याच आवाजात इंग्रजीत मशीन बोलू लागलं, निरोप ठेवा म्हणून. शिट्टी वाजली. गंगाधरराव रिसीव्हर धरून उभे राहिले. मशीनला कसं सांगायचं? पोरगी सामान भरायला काही आणायला गेली असेल, घरी येईल, बटण दाबेल, आणि एकटी उभी राहून हे ऐकेल. त्यांनी फोन ठेवून दिला. तासाभरानं पुन्हा लावला, पुन्हा मशीन. ऑफिसात गेली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. आज रात्री निघायचं तर कामं उरकत असेल.

मग सगळे त्यांच्याभोवती बसले आणि तो प्रश्न आला. कलावतीताईंनीच विचारलं. "मिनूसाठी थांबाचं काय?"

"शनवारी दुपारी येते ती."

"शनवारी!" कलावतीताई बर्फाकडे पाहत म्हणाल्या. "गंगाधर, नवतपा सुरू हाय रे. उद्याची दुपार निघनं मुश्किल. अन् तू शनवार म्हणतं."

शेजाऱ्यांपैकी कोणी मोठ्या सरकारी इस्पितळाच्या शीतघराचं सुचवलं. ओळख आहे, दोन दिवस ठेवतील. कलावतीताई ताडकन म्हणाल्या, "घरच्या लक्ष्मीले मुर्दाघरात ठेवतं? वळख ना पाळख अशा लोकायच्या लाइनीत?" तरी ताईंचं काही चाललं नसतं. सगळे गंगाधररावांकडेच पाहत होते. ते म्हणाले असते, थांबू, तर थांबले असते. उद्या दुपारपर्यंत येते म्हणाले असते तर कोणी अक्षरानं विचारलं नसतं. दुपारपर्यंत अजून चार लाद्या लागल्या असत्या, बस.

त्यांच्या डोळ्यांपुढे ते शीतघर आलं. मंदाकिनीबाई परक्या घरी पाहुणी गेली तरी आपली चादर बरोबर न्यायची, दुसऱ्याच्या पांघरुणात तिला झोप यायची नाही. त्यांनी खिशातला कागद काढून परत एकदा वाचला. सगळं बरोबर होतं.

"सकाळी आठ वाजता काढू," ते म्हणाले. "शुक्करवारी. आठ वाजता."

शुक्रवारी आठ म्हणजे बरोबर आठलाच तिरडी उचलली. बायका फाटकापर्यंत आल्या. गंगाधरराव पुढे मडकं धरून होते. गल्लीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा मागे घरात फोन वाजू लागला. त्यांना तो स्पष्ट ऐकू आला. कोणी नातेवाईक असेल, किती वाजता काढणार म्हणून विचारत असेल, असं त्यांना वाटलं. मडकं हातात घेऊन मागे वळायचं नसतं. मायाबाई डोळे पुसत आत धावल्या, तोवर तो बंद झाला.

दिल्लीच्या विमानतळावरून मीनलनं लावला होता. पहाटे तीनला ती दिल्लीत उतरली. तेव्हा फोन केला नाही, कारण आजारी माणसाच्या घरी अशा वेळी फोन वाजला की सगळे दचकून उठतात. उजाडल्यावर करू म्हणाली. उजाडल्यावर केला, घंटी वाजत राहिली, तिला वाटलं सगळे इस्पितळात असतील. पुढच्या विमानासाठी आत जायची वेळ झाली होती.

महादेवघाटावर, खारून नदीच्या काठी, साडेनऊला गंगाधररावांनी अग्नी दिला. पोरगी असती तर दोघांनी मिळून दिला असता, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते तिथे मोठ्यानं बोलूनही दाखवलं. चिता नीट पेटली तशी मंडळी निघाली. साडेअकराला ते घरी परतले. देह होता त्या जागी कलावतीताईंनी पीठ पसरून दिवा लावला होता. दारात कडुनिंबाची पानं ठेवली होती. गंगाधररावांनी एक पान चावलं आणि ओसरीवरच बसले, अंगावरचं धोतर अजून ओलं होतं.

सव्वाबाराला फाटकाशी टॅक्सी थांबली.

मीनल उतरली. अंगात लांब बाह्यांचा शर्ट, एका खांद्यावर पिशवी, केस विस्कटलेले. तिनं टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं. सामान आत टाकून सरळ नर्सिंग होमला जायचा तिचा बेत होता. फाटक उघडता उघडताच ती बोलू लागली. "बाबा, आप घर पे हो? आई के पास कौन है?"

गंगाधरराव उठले. त्यांना वाटलं आपल्याला भास होतो आहे. खिशाकडे हात गेला, पण तिथे खिसा नव्हता, धोतर होतं.

"आज तं शुक्करवार हाय," ते म्हणाले.

"हाँ, शुक्रवार है।"

"तू शनवारी येनार होती ना?"

"शनिवार किसने बोला? मैंने बोला था ना, कल रात की फ्लाइट। बुधवार रात की।"

"बुधवारी तं तू फोन केला होता मले."

"वो आपका बुधवार था, बाबा। मेरे यहाँ मंगल की रात थी।" ती थांबली. मग तिनं त्यांच्या ओल्या धोतराकडे पाहिलं. दारातल्या कडुनिंबाकडे पाहिलं. त्यांच्या मागून आत खोलीत पाहिलं, पिठावरचा दिवा भरदुपारी जळत होता. पिशवी खांद्यावरून घसरून खाली पडली.

आतून कलावतीताई धावत आल्या, पोरीला पाहिलं आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटू लागल्या. "अवो माय! तीन घंटे! तीन घंट्यासाठी!" मायाबाईंनी त्यांना धरलं. मीनलला कोणी धरलं नाही, कारण ती पडत नव्हती, रडत नव्हती. ती फक्त विचारत होती, "कहाँ? कौन सा घाट? कितने बजे?"

"बायका घाटावर जात नाही, मिनू," कलावतीताई रडत म्हणाल्या. "परवा अस्थी सावडल्यावर..."

"टॅक्सी उभी हाय," गंगाधरराव म्हणाले. "चाल."

काचेबाहेर रायपूर उन्हानं पांढरं पडलं होतं. आजाद चौकात एका लाल दिव्याच्या गाडीसाठी शिपायानं रस्ता अडवून ठेवला होता, तिथे चार मिनिटं गेली. मीनल त्या शिपायाकडे टक लावून बघत होती. गंगाधररावांना कोणीतरी आपल्याला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. तिनं द्याव्यात. त्या नवरदेवाच्या बापानं कॉलर धरली होती, तशी तिनंही धरावी.

महादेवघाटावर चिता अजून जळत होती. वरची लाकडं बसली होती, धूर संपला होता, आत लाल निखारे होते. उन्हात ज्वाळा दिसत नव्हती, फक्त वरची हवा थरथरत होती. घाटावरचा माणूस पुढे आला, बाईमाणूस पाहून थबकला, मग गंगाधररावांचा चेहरा बघून बाजूला झाला.

मीनल पाच-सात हातांवर उभी राहिली. चेहरा नव्हता, हात नव्हता, लुगड्याचा काठसुद्धा नव्हता. साडेबारा हजार किलोमीटरवरून ती जे बघायला आली होती त्यातलं डोळ्यांनी ओळखू येईल असं काहीच उरलेलं नव्हतं. गंगाधरराव तिच्या मागे, पायऱ्यांच्या कडेला.

मग तिनं मान न वळवता विचारलं, "आई को बताया था ना, मैं आ रही हूँ?"

"हव."

"कुछ पूछा उसने?"

इथे खोटं बोलता आलं असतं. 'बेशुद्धच होती, काही विचारलं नाही' एवढं म्हणायचं, की पोरगी कधीतरी सावरली असती आणि तेही. गंगाधररावांच्या तोंडापर्यंत ते आलंही होतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना खरी वेळ सांगितली त्याला बायकोच्या चितेसमोर दुसरी खोटी वेळ सांगवेना.

"विचारलं," ते म्हणाले. "कवा येते म्हनून विचारलं. मी तिले शनवार सांगितला, मिनू. तिनं बोटं मोजली. लय दूर हाय म्हने."

मीनलचे खांदे तेव्हा पहिल्यांदा हलले. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले, तरी आवाज बाहेर आलाच. गंगाधरराव तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाले आणि ती त्यांच्या हाताखालून सरकली. रागानं सरकली की तिला फक्त पुढे जायचं होतं, कोण जाणे. ती चितेच्या इतकी जवळ गेली की घाटावरचा माणूस 'दीदी, दीदी' करत ओरडला. धग लागून तिचे डोळे मिटत होते. तिथेच ती वाकली, कमी ऐकू येणाऱ्या माणसाजवळ वाकावं तशी.

"आई," ती म्हणाली, "आज शुक्रवार है। मैं आ गई।"